शिऊरच्या संत बहिणाबाई

बहिणाबाई म्हटले म्हणजे आपल्या भगिनींना खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्यांची गाणी कोणाला आवडत नाहीत? परंतु ज्यांच्याविषयी मी चार शब्द लिहिणार आहे, त्या त्यांच्याही अडीचशे वर्षे आधीच्या. या बाईंनी आपल्या आयुष्याची हकिकत स्वतःच अभंगांतून सांगून ठेवली आहे. मी फार शिकलेली नाही, पण ते अभंग एकदा वाचावयास घेतले आणि त्यांची गोडी लागली.

त्यांचा जन्म १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी झाला. वडील आऊदेव गावचे कुलकर्णी, आईचे नाव जानकी. बहिणा तीन वर्षांची असताना तिचे लग्न झाले, आणि नवरा तीस वर्षांचा बिजवर! शिऊरचे पाठक, वेदविद्या शिकलेले, पण स्वभावाने जमदग्नी. पुढे घरात तंटा उपस्थित झाला आणि आईवडील, मुले, जावई सगळ्यांनाच गाव सोडावे लागले. तेव्हा बहिणा नऊ वर्षांची होती. भिक्षा मागत, पंढरपूर वगैरे क्षेत्रे करीत ती मंडळी कोल्हापुरास आली. तिथे बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला.

त्या घरी त्यांना एक गाय वासरासह दान मिळाली. अकरा वर्षांच्या बहिणेला त्या वासराचा असा काही लळा लागला की, तिने घातल्याशिवाय ते चारा खाईना आणि ती पाण्याला निघाली की मागोमाग चाले. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही तिच्याबरोबर जाऊन उभे राही. गर्दीत अडचण होते म्हणून एकदा लोकांनी ते बाहेर काढले, तेव्हा ही रडू लागली. स्वामींनी वासराला आत आणविले आणि दोघांनाही जवळ घेतले. झाले! गावात कुजबूज सुरू झाली आणि कोणीतरी ती नवऱ्याच्या कानी घातली. त्याने तिला केस धरून मारले, बांधून ठेवले. गायवासराने चारापाणी सोडले. थोड्याच दिवसांत वासरू गेले आणि त्याच्या दुःखाने बहिणा बेशुद्ध पडली. त्या अवस्थेत तिला तुकोबा दिसले व त्यांनी मंत्र दिला, असे तिने सांगितले आहे. तुकोबांना तिने तोवर डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, नुसते अभंग कानावर होते.

यामुळे नवरा अधिकच चिडला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे हे त्याला सहन होईना. बायको गरोदर असताना तिला टाकून रानात निघून जाण्याचे त्याने ठरविले.

माझे मन या ठिकाणी नेहमी थांबते. माहेर आधाराला असून नसल्यासारखे, नवरा जावयास निघालेला, पोटात मूल. अशा वेळी बाईने काय करावे? बहिणाबाईंनी कोणाशी भांडण केले नाही आणि देवाचे नावही सोडले नाही. आपल्या मनालाच समोर बसवून त्याला प्रश्न विचारले. माझे काय चुकले? नवऱ्याची सेवा माझे कर्तव्य खरे, पण भक्ती सोडली तर माझ्यापाशी उरले काय? त्यांनी असे ठरविले की शरीराने संसार करावा आणि चित्त विठ्ठलापाशी ठेवावे. यात एकाने दुसऱ्याला अडविण्याचे कारण नाही. त्यांचे पतिव्रताधर्माचे सगळेच अभंग मला पटतात असे नाही. नवऱ्याच्या माराचा दोष बाईने आपल्या प्रारब्धावर का घ्यावा? पण सुटका कुठेही नसताना आपल्याच मनात जागा शोधून काढणारी ही मुलगी मला मोठी वाटते.

निघण्याआधीच नवऱ्याला जबर ताप भरला. बहिणाबाईंनी रात्रंदिवस उशाशी बसून सेवा केली. दुखण्यात त्याला पश्चात्ताप झाला, आणि बरे झाल्यावर तोच सर्वांना घेऊन देहूस निघाला!

देहूस तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन झाले, कीर्तने ऐकावयास मिळाली. तेथे मुलगी झाली, तिचे नाव काशीबाई ठेवले. मंबाजी गोसाव्याने छळही पुष्कळ केला. त्याला गुरू केले नाही म्हणून त्याने यांच्या गाईला मारहाण केली. परंतु कोल्हापूरची घाबरलेली मुलगी आता राहिली नव्हती. पुढे मुलगा विठोबा झाला. जन्माने कोणी श्रेष्ठ ठरत नाही असे सांगणारा 'वज्रसूची' हा संस्कृत ग्रंथ त्यांनी मराठीत आणला, हे पुष्कळांना माहीत नसते. ज्ञानदेवांनी पाया घातला आणि तुकोबा कळस झाले, हा आपण भजनात म्हणतो तो अभंगही त्यांचाच म्हणून ओळखला जातो.

१७०० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, आपला अंतकाळ जवळ आला हे त्यांना कळले. मुलगा परगावी होता, त्याला पत्र पाठवून बोलावून घेतले. तो आल्यावर त्या रडल्या नाहीत, निरवानिरवीचेही फार बोलल्या नाहीत. त्याला जवळ बसवून आपल्या मागल्या बारा जन्मांची हकिकत सांगितली. कोणत्या जन्मी काय केले, कशात गुंतले, काय सुटले, हे सगळे शांतपणे सांगितले आणि हा तेरावा जन्म शेवटचा म्हणून त्यांनी डोळे मिटले. शिऊरला त्यांची समाधी आहे.