शेजारधर्म पाळणारा कोशकार

एखाद्या शब्दावरून वाद निघाला, की आपल्या जुन्या घरांतून मोल्सवर्थचा कोश काढला जाई. कानडी घरांत तोच मान किटेलच्या कोशाला आहे. धारवाडात त्यांच्या नावाचे कॉलेजही आहे. मी पेशाने संगीतशिक्षक; शब्दांची चिकित्सा हा माझा प्रांत नव्हे. तथापि धारवाडात राहून कानडी मुलांना शिकविताना या कोशामागचा माणूस मला हळूहळू कळत गेला, आणि त्याच्या चरित्राने मला थोडे लाजविलेही. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

फर्डिनांड किटेल यांचा जन्म १८३२ साली उत्तर जर्मनीत, समुद्रकाठच्या एका खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. स्वित्झर्लंडातील बासेल मिशनच्या विद्यालयात शिकून १८५३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते हिंदुस्थानात आले. मिशनचे ठाणे धारवाडात १८३७ पासून व हुबळीत १८३९ पासून होते. धारवाड जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडे. पेशवाईपासूनचे दफ्तर मराठी, सरकारी शाळाही बहुतांशी मराठी. कानडी मुलालाही धुळाक्षरे मराठीतूनच गिरवावी लागत. कानडी ही माजघराची, बाजाराची व शेताची भाषा होऊन बसली होती. पुढे डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांनी खटपट केली, तेव्हा कानडी शाळांना बरे दिवस आले.

अशा वेळी या तरुण पाद्र्याने दफ्तराची भाषा बाजूस ठेवून माजघराची भाषा धरली. शेजाऱ्यावर आपल्याइतकेच प्रेम करावे, ही ख्रिस्ती धर्माची मुख्य शिकवण. ती व्यासपीठावरून सांगणे सोपे. पण ज्याची भाषा आपणांस येत नाही, त्याच्यावर प्रेम करायचे म्हणजे काय करायचे? किटेलांनी उत्तर आचरणातून दिले. गोऱ्या साहेबाच्या इतमामाने न राहता ते पायी खेडोपाडी हिंडत, लोकांत बसत, त्यांचे बोलणे ऐकत. हे वागणे मिशनमधील वडीलधाऱ्यांना रुचले नाही. मतभेद झाले, त्यांना अन्यत्र धाडण्यात आले, आणि पुढे त्यांच्या वाट्याला मुख्यतः लेखन-वाचनाचेच काम आले. दुसरा कोणी असता तर हिरमुसून मायदेशी गेला असता. किटेलांनी मिळालेल्या कामातच आपली सेवा शोधली.

गाणाऱ्या माणसाला या सेवेतील एक गोष्ट विशेष वाटते. ख्रिस्ताचे चरित्र कानडीत सांगावयाचे, तर ते युरोपी चालींवर न बसविता देशी वृत्तांतच सांगावे, असे त्यांनी ठरविले. १८६२ साली ‘कथामाले’ हे त्यांचे पद्य निघाले. पण हौशीवर भागवून नेणारे ते गृहस्थ नव्हते. केशिराजाचे ‘शब्दमणिदर्पण’ हे जुने कानडी व्याकरण त्यांनी संपादून १८७२ साली छापले, आणि १८७५ साली नागवर्माचा ‘छंदोंबुधि’ हा दहाव्या शतकातील छंदःशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लघु-गुरूंची, मात्रांची ओळख करून घेतल्यावाचून परक्याचे गाणे गाऊ नये, ही शिस्त मी पुष्कळ गवयांतही पाहिलेली नाही.

संसाराने त्यांची परीक्षाच पाहिली. पहिली पत्नी पौलिना १८६४ साली निवर्तली. पुढे तिच्याच बहिणीशी, यूलियाशी, त्यांचा विवाह झाला. प्रकृती खालावल्याने १८७७ साली ते जर्मनीस परतले. परंतु कोशाचे काम अर्धवट पडलेले. १८८३ साली, पन्नाशी उलटल्यावर, बायकामुलांना तिकडेच ठेवून ते पुन्हा कर्नाटकात आले व १८९२ पर्यंत शब्द गोळा करीत राहिले. त्या नऊ वर्षांत घरच्यांनी काय सोसले असेल, याचा हिशेब कोठल्याही ग्रंथात नसतो. परंतु तो विसरून किटेलांचा गौरव करणे मला बरे वाटत नाही.

१८९४ साली मंगळूरच्या बासेल मिशन छापखान्यातून कोश बाहेर पडला. सुमारे ७०,००० शब्द, १,७०० वर पाने! जुन्या कवींचे दाखले त्यात आहेत, तशाच खेड्यांतील म्हणीही आहेत. वीरशैवांचे व वैष्णवांचे ग्रंथ या पाद्र्याने तितक्याच आदराने चाळले. शब्दाशब्दाला तमिळ, तेलुगू, तुळू यांची सोयरीक दाखविली आहे, आणि ठिकठिकाणी आपल्या मराठीचीही. १८९६ साली ट्यूबिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. १९०३ साली कानडीचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ट्यूबिंगेन येथे त्यांचा अंत झाला.

किटेल अखेरपर्यंत मिशनरीच होते, हे लपविण्याचे कारण नाही. त्यांचा धर्म सर्वांना पटला नाही, पटावा असेही नाही. परंतु धर्म न पटलेल्यांनीही त्यांना आपले मानले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. उपदेश ज्यांनी नाकारला, त्यांनी सेवा मात्र स्वीकारली.

आता माझ्या लाजेविषयी. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, जन्माने कानडी मुलुखातले. पण मराठी रंगभूमीवर त्यांनी मराठी पदे अशी गायिली, की आपण त्यांना परके मानलेच नाही. धारवाड-हुबळीच्या कानडी गवयांनी मराठी अभंग व नाट्यपदे अर्थासकट आत्मसात केली. आपण त्यांची परतफेड किती केली? अक्का, अण्णा हे कानडी शब्द आपल्या माजघरात नांदतात, पण शेजारच्या अक्कांशी चार वाक्ये बोलताना आपली जीभ अडखळते. मी स्वतः कित्येक वर्षे शिष्यांना बसवण्णांची वचने नुसती सुरांत बसवून दिली. अर्थ विचारला एका लहान मुलीने, तेव्हा मजजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री प्रथमच मी किटेलचा कोश उघडला. तेव्हापासून वचन शिकविण्याआधी त्यातील प्रत्येक शब्द पाहून घेतो. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला जो शेजारधर्म साधला, तो भिंतीपलीकडे राहणाऱ्या आपणांस साधू नये, असे काही नाही.