शिक्षकांचा कैवारी योहान कोमेनिउस

मध्य युरोपातील चेक व स्लोवाक लोक २८ मार्च हा शिक्षकांच्या सन्मानाचा दिवस म्हणून पाळितात. ह्याच तिथीस इ.स. १५९२ त मोराविया प्रांती योहान आमोस कोमेनिउस ह्यांचा जन्म झाला. त्यांचे चरित्र आम्ही आज आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढे ठेवीत आहो.

कोमेनिउस हे यान हुस ह्यांच्या शिकवणीतून उदयास आलेल्या बंधुमंडळीत वाढले. सुमारे बाराव्या वर्षी ते पोरके झाले. त्या काळच्या शाळांत अर्थ न कळता पाठांतर करणे व छडी खाणे हाच बहुधा मुलांचा नित्यक्रम असे. जर्मनीत अध्ययन करून ते परतले, शाळेत शिकवू लागले आणि १६१६ त त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. फुलनेक गावी मंडळी व शाळा ही दोन्ही ओझी त्यांच्याच शिरावर होती, जशी आमच्या पुष्कळ उपदेशकांच्या शिरावर असतात.

१६२० त प्रॉटेस्टंट पक्षाचा पराभव झाला. पुढील वर्षी फुलनेक लुटले गेले. १६२२ त पत्नी व दोन मुले साथीत दगावली. १६२८ त स्वदेश कायमचा सोडून ते पोलंडातील लेश्नो गावी गेले व तेथे पुन्हा शिकवू लागले.

शिक्षकाचे श्रम हलके व्हावे आणि मुलांचे ज्ञान वाढावे, अशी रीत शोधणे हे त्यांनी आपले कार्य मानिले. प्रथम मातृभाषा शिकवावी, शब्दाबरोबर वस्तू दाखवावी, सोप्याकडून अवघडाकडे जावे, धडा आला नाही म्हणून मारू नये, गरिबांस व मुलींसही शिकवावे, असे ते प्रतिपादन करीत.

परंतु शिक्षकांची चिंता वाहणाऱ्या ह्या शिक्षकाची चिंता कोणी वाहिली? लुई द गेअर नामक धनिक व्यापाऱ्याने १६४२ पासून त्यांस द्रव्यसाहाय्य केले. १६५६ त लेश्नो जळाले आणि चाळीसांहून अधिक वर्षे खपून रचिलेला शब्दकोश भस्म झाला. तेव्हा त्या व्यापाऱ्याच्या पुत्राने वृद्ध कोमेनिउसांस अॅम्स्टरडॅम शहरी आश्रय दिला. तेथे १६५७ त त्यांच्या शिक्षणविषयक ग्रंथांचा संग्रह निघाला आणि १६५८ त न्यूरेंबर्ग येथे मुलांचे प्रसिद्ध सचित्र पुस्तक छापले गेले. १६७० त त्यांनी देह ठेविला.

वाचकहो, द गेअर पितापुत्रांनी स्वतः एकही धडा लिहिला नाही. तथापि शिक्षकाच्या भाकरीची व निवाऱ्याची त्यांनी तजवीज केली, म्हणून त्या कामात त्यांचाही वाटा आहे. शिक्षण घेणाऱ्याने शिक्षकास आपल्या चांगल्या वस्तूंचे वाटेकरी करावे, असे पौलाने गलतीकरांस कळविले आहे. तो वाटा आमच्या गरीब मंडळ्यांसही उचलता येईल. सुगीला मास्तरांच्या घरी पायलीभर दाणे पोहोचवावे. पावसाळ्यापूर्वी त्यांचे घर शाकारून द्यावे. मुले वेळेवर शाळेत धाडावी. ते आजारी पडल्यास जाणत्या तरुणाने चार दिवस वर्ग सांभाळावा. आणि उपासनेत पाळकासाठी प्रार्थना होते, तशी शिक्षकाचेही नाव घेऊन व्हावी. पुष्कळ शिक्षक थकतात ते कामाने नव्हे, तर आपल्या श्रमांची कोणास जाणीव नाही ह्या दुःखाने. ते दुःख आमच्या गावी कोणा शिक्षकास न होवो, अशी बुद्धी प्रभू आम्हां सर्वांस देवो.