मोबाइलवर मिळणाऱ्या ख्रिस्ती ग्रंथखजिन्यामागचा धर्मगुरू: कोण होते जाक-पॉल मीन्य?

ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याचा सिद्धांत कसा घडला? पापाबद्दल ऑगस्टिन यांनी नेमके काय मांडले? याचा मुळापासून अभ्यास करायचा, तर लॅटिन आणि ग्रीक ग्रंथ लागतात. आज त्यातले बरेचसे मोबाइलवर उघडता येतात. याचे मोठे श्रेय १९ व्या शतकातील एका फ्रेंच धर्मगुरूला जाते. त्यांच्याबद्दल जाणून घेऊया.

धर्मगुरू ते छापखानेवाले

मीन्य यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८०० रोजी फ्रान्समधील सेंट-फ्लूर येथे झाला. १८२४ मध्ये ते धर्मगुरू झाले. १८३० च्या क्रांतीनंतर राजकीय विषयावरील एका पुस्तिकेवरून त्यांचे बिशपांशी बिनसले आणि १८३३ मध्ये त्यांनी पॅरिस गाठले. तिथे आधी वृत्तपत्र काढले, मग ते विकून १८३६ मध्ये पॅरिसजवळच्या पेती-मोंरूज येथे छापखाना उभारला. गावोगावच्या सामान्य धर्मगुरूला परवडेल अशा किमतीत संपूर्ण ग्रंथालय द्यायचे, हे त्यांचे स्वप्न होते.

नेमके काम केवढे?

• पॅट्रोलॉजिया लॅटिना: २१७ खंड आणि सूचीचे ४ खंड. मुख्य खंड १८४४ ते १८५५ दरम्यान निघाले. टर्टुलियनपासून १२१६ मध्ये निधन झालेले पोप तिसरे इनोसंट यांच्यापर्यंत सुमारे हजार वर्षांचे लेखन यात आहे.

• पॅट्रोलॉजिया ग्रेका: १६१ खंड, १८५७ ते १८६६. ग्रीक मजकुराशेजारी लॅटिन भाषांतर.

इतक्या वेगाने कसे जमले?

मीन्य यांनी बहुतेक ग्रंथ नव्याने संपादित केले नाहीत. १७ व्या आणि १८ व्या शतकातील जुन्या आवृत्त्या घेऊन त्याच पुन्हा छापल्या. निवडीसाठी बेनेडिक्टाइन विद्वान जाँ-बाप्तिस्त पित्रा यांची मोठी मदत झाली. छापखान्यात वाफेवरची यंत्रे आणि सुमारे ३०० कामगार होते. जुळवलेल्या पानांचा साचा घेऊन धातूची प्लेट ओतली जाई. त्यामुळे मागणी येताच तेच पान पुन्हा छापता येई. मात्र स्वस्त कागद आणि घाईमुळे छपाईच्या चुकाही राहिल्या.

मग घात कुठे झाला?

१२-१३ फेब्रुवारी १८६८ च्या रात्री छापखान्याला आग लागली आणि लाखो प्लेट वितळल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर सगळा बॅकअप एकाच इमारतीत होता. विम्याच्या पैशांसाठी त्यांना कोर्टात जावे लागले.

दुसरा फटका चर्चकडून बसला. मिस्सा अर्पण करण्यासाठी भाविक जी देणगी देत, तिचा पुस्तकविक्रीशी व्यवहार जोडल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. पॅरिसच्या आर्चबिशपांनी त्यांच्यावर निर्बंध घातले. अशाच अवस्थेत, पंचाहत्तरी पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, २४ ऑक्टोबर १८७५ रोजी त्यांचे निधन झाले.

काम वाचले कसे?

प्लेट गेल्या, पण ग्रंथालयांत पोहोचलेले खंड शाबूत राहिले. पुढे त्याच खंडांचे स्कॅनिंग झाले. १९९० च्या दशकात चॅडविक-हीली कंपनीने लॅटिन मालिकेचा शोधता येणारा डेटाबेस आणला, पण तो सशुल्क होता. आज इंटरनेट आर्काइव्ह आणि गूगल बुक्सवर स्कॅन केलेले अनेक खंड मोफत आहेत. झुरिक विद्यापीठाच्या कॉर्पस कॉर्पोरम या संकेतस्थळावर लॅटिन मजकुरात शब्द शोधता येतो.

वाचताना काय लक्षात ठेवाल?

• संदर्भ पानाचा नव्हे, रकान्याचा असतो. पीएल ३२ म्हणजे लॅटिन मालिकेचा ३२ वा खंड आणि पुढचा आकडा रकान्याचा. ऑगस्टिन यांचे ग्रंथ ३२ व्या खंडापासून सुरू होतात.

• मुखपृष्ठावरील वर्ष पाहा. मीन्य यांच्यानंतर गार्निए प्रकाशनाने काढलेल्या काही खंडांत रकान्यांचे क्रमांक जुळत नाहीत.

• एखाद्या शब्दावरून मोठा निष्कर्ष काढण्याआधी नवी चिकित्सक आवृत्ती असल्यास तीही तपासा. मीन्य यांच्या छपाईतली चूक स्कॅनमध्येही तशीच उतरते.