रंगवेडा पॉल एर्लिक

फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये हाताला लागलेला डाग दोन दोन दिवस जायचा नाही, आठवतंय? अशाच डागांच्या मागे एका माणसाने आख्खं आयुष्य घालवलं. त्याचं नाव पॉल एर्लिक.

त्यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आईच्या नात्यातले कार्ल वायगर्ट हे कापडाचे नवे कृत्रिम रंग वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायचे. एर्लिकना तेच वेड लागलं. १८७८ साली लाइपझिगला डॉक्टरकीचा प्रबंधसुद्धा त्यांनी रंगांवरच लिहिला. एक रंग एकाच पेशीला चिकटतो, शेजारच्या पेशीला का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. रक्तातल्या सारख्याच दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींचे प्रकार त्यांनी रंगांनीच वेगळे केले.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. तो रंगवायची जास्त चांगली पद्धत लगेच एर्लिकनी काढली. नशीब बघा, पुढे काही वर्षांनी त्यांच्या स्वतःच्याच थुंकीत ते जंतू सापडले! १८८८ मध्ये ते इजिप्तला गेले, बरे झाले आणि परत कामाला लागले. शरीरातली प्रतिद्रव्यं म्हणजे अँटीबॉडीज ठरावीक पदार्थालाच कशा पकडतात, यावर त्यांनी सिद्धांत मांडला. १९०८ साली मेचनिकॉफ यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. जपानच्या हाता यांच्याबरोबर त्यांनी शोधलेलं सिफिलिसवरचं औषध १९१० मध्ये बाजारात आलं. २० ऑगस्ट १९१५ रोजी ते गेले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडून दाखवला. म्हणजे एर्लिकचे दोन्ही विषय एकत्र आले. आज फुफ्फुसाच्या कॅन्सरचा तुकडा तपासताना हीच युक्ती वापरतात. टीटीएफ-१ हे प्रथिन रंगलं तर बहुधा ग्रंथीपेशींचा कॅन्सर, पी-४० रंगलं तर बहुधा स्क्वेमस. बायोलॉजी सोडून दिलेल्या आपल्यासारख्यांना हे नुसतं लेबल वाटेल. पण लेबल चुकलं की औषध चुकतं.

नट कार्सिनोमा नावाचा एक दुर्मिळ आणि फार वेगाने वाढणारा कॅन्सर आहे. तो तरुणांनाही होतो, कधी सिगारेट न ओढलेल्यांनाही. त्यात पी-४० बऱ्याचदा रंगतं, म्हणून तो साधा स्क्वेमस समजला जाऊ शकतो. नट प्रथिनाची अँटीबॉडी लावली आणि पेशींच्या केंद्रात ठिपके ठिपके उमटले, तर खरं नाव कळतं. अट एकच, ती तपासणी करायचं कुणाच्या तरी डोक्यात यायला हवं.

एर्लिक स्वतः सतत सिगार ओढायचे, ते मात्र त्यांच्याकडून शिकू नका! शिकायचं ते एवढंच, की रंग दिसला म्हणून थांबायचं नाही, तो तिथेच का चिकटला हे विचारायचं. व्हायवामध्ये आपण नेमके इथेच अडकतो. पण तिकडे हॉस्पिटलमध्ये कुणाचं तरी आयुष्य याच प्रश्नावर अडकलेलं असतं.