पहार डोक्यातून आरपार गेली, माणूस वाचला. पण स्वभाव पालटला! फिनिअस गेजची कहाणी

विहिरीच्या कामावर सुरुंग कसा भरतात, हे आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको. खडकात भोक पाडायचं, दारू भरायची, वात सोडायची आणि वरून वाळू-माती ठासायची. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात १८४८ साली फिनिअस गेज हेच काम करत होता. वय २५. रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा तो मुकादम. कामाला चोख, डोकं शांत. ठेकेदारांचा त्याच्यावर मोठा भरवसा होता.

१३ सप्टेंबर १८४८ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास कॅव्हेंडिश गावाजवळ घात झाला. दारूवर वाळू पडायच्या आधीच पहार भोकात आपटली आणि स्फोट झाला. साडेतीन फुटांहून थोडी लांब, सहा किलो वजनाची ती पहार डाव्या गालातून शिरली, मेंदूचा पुढचा भाग चिरत कवटीच्या वरून बाहेर पडली आणि सुमारे ८० फुटांवर जाऊन पडली.

सगळ्यांना वाटलं, संपलं. पण काही मिनिटांतच गेज बोलू लागला. बैलगाडीत बसून तो मुक्कामाच्या ठिकाणी गेला. डॉ. जॉन हार्लो यांनी उपचार केले. जखमेत पू झाला, मधले काही दिवस तो जेमतेम शुद्धीवर होता. तरी सुमारे दहा आठवड्यांत तो घरी परतला. डाव्या डोळ्याची नजर गेली. पण चालणं, बोलणं, आठवण शाबूत राहिली.

खरी अडचण पुढेच होती. डॉ. हार्लो यांच्या नोंदीप्रमाणे शांत गेज आता शिवराळ झाला होता. कुणाचं ऐकेना. एक बेत आखायचा, तो सोडून दुसरा धरायचा. ठेकेदारांनी त्याला मुकादमाचं काम परत दिलं नाही. ओळखीच्यांना तो वेगळाच माणूस वाटू लागला.

असं का झालं? कपाळामागचा मेंदू हा आपल्या वागण्याचा ब्रेक आहे. राग आवरणं, बोलण्याआधी विचार करणं, हातातलं काम तडीस नेणं यात त्याचा मोठा वाटा असतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. दारू चढली की माणसाची जीभ सुटते, ती याच रसायनांच्या कामात गडबड झाल्यामुळे. पण ती नशा उतरते. गेजच्या मेंदूचा तो भागच जखमी झाला होता.

गोष्ट इथे संपत नाही. गेजने आधी तबेल्यात काम केलं. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाडी हाकली. सहा घोडे, लांबचा रस्ता, प्रवाशांची जबाबदारी. ज्याला ताळतंत्र उरलं नाही, त्याला हे जमलं नसतं. रोजचं ठरलेलं काम, ठरलेली वेळ यामुळे तो बराच सावरला असावा, असं पुढच्या अभ्यासकांना वाटतं.

१८५९ मध्ये तब्येत ढासळली म्हणून तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. पुढच्या वर्षी फिट्स सुरू झाल्या आणि २१ मे १८६० रोजी, ३६ व्या वर्षी, तो गेला. आज त्याची कवटी आणि ती पहार हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडे मोटारसायकलवरून पडलेला, झाडावरून कोसळलेला माणूस टाके काढून घरी येतो. महिन्या-दोन महिन्यांनी घरच्यांच्या लक्षात येतं, की हा उगाच चिडतोय, पैसे उधळतोय, कामात मन लागत नाही. मग कुणी मस्ती म्हणतं, कुणी करणी, कुणी बाहेरचं. उतारे-गंडे होतात, मारहाणही होते. डोक्याच्या माराचा विषय कुणी काढत नाही.

घरात असं कुणी असेल तर आधी डॉक्टरांना डोक्याला मार लागल्याचं सांगा, जुना असला तरी सांगा. फिट आली तर अजिबात थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. जाणं लगेच जमत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं. आणि त्या माणसाला झेपेल असं, रोज त्याच वेळेचं एखादं काम हातात द्या.