बाबा आमटेंचा आजार: स्पॉन्डिलोसिस की स्पॉन्डिलायटिस?

म्हसावदच्या उत्तरेला सातपुडा, त्यापलीकडे नर्मदा. याच नदीकाठी, वर मध्य प्रदेशातील कसरावदला १९९० मध्ये बाबा आमटे राहायला गेले. हिंगणघाटला १९१४ मध्ये जन्मलेल्या, आनंदवन उभारणाऱ्या बाबांना तेव्हा बसताच येत नव्हते. उभे राहायचे, नाहीतर आडवे. १९८५ च्या भारत जोडो यात्रेतही गाडीत खाट होती.

कारण स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मणक्यांची झीज. अनेक जण त्यालाच स्पॉन्डिलायटिस म्हणतात; गफलत तिथेच. ग्रीक ‘स्पॉन्डिलोस’ म्हणजे मणका, ‘आयटिस’ म्हणजे दाह. अंकायलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये दाहाने मणके एकमेकांना जखडू शकतात. तो बहुधा ऐन तरुणपणी सुरू होतो. सकाळी आखडलेली पाठ विश्रांतीने नव्हे, हालचालीने मोकळी होते.

झिजलेल्या मणक्यांनिशी बाबा नर्मदाकाठी राहिले. २००८ मध्ये आनंदवनात त्यांचे निधन झाले.