हेन्रिक डाम : तान्ह्या मुलांचा एक उपकारकर्ता

डेन्मार्क देशाचें नांव आमच्या मंडळ्यांस अगदींच अपरिचित नाहीं. १७०६ सालीं त्या देशाच्या राजानें पाठविलेले झीगेनबाल्ग साहेब तरंगमबाडीस उतरले. आणि १८०० सालीं कॅरी साहेबांस ज्या श्रीरामपुरांत आश्रय मिळाला, तें गांवही तेव्हां डेन्मार्कच्याच ताब्यांत होतें. त्याच देशांतील ज्या गृहस्थांचें चरित्र आज सांगावयाचें आहे, ते मिशनरी नव्हते. रसायनशास्त्राचे अध्यापक होते. तथापि त्यांच्या श्रमाचें फळ नागपुराजवळील वाडीसारख्या गांवांतील नवजात मुलांसही आज मिळत आहे. म्हणून त्यांची ओळख आपल्या वाचकांस असणें योग्य होय.

हेन्रिक डाम यांचा जन्म ता. २१ फेब्रुवारी १८९५ रोजीं कोपनहेगन शहरीं झाला. त्यांचे वडील औषधविक्रेते होते व आई शिक्षिका होती. १९२० सालीं तेथील पॉलिटेक्निक विद्यालयांत रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्यांनीं अध्यापनाचें काम पत्करिलें, आणि १९२३ पासून ते कोपनहेगनच्या विश्वविद्यालयांत शिकवूं लागले.

कोलेस्टेरॉल नामक स्निग्ध पदार्थ कोंबडीच्या शरीरांत आपोआप तयार होतो, कीं तो अन्नांतूनच यावा लागतो, एवढाच प्रश्न त्यांनीं १९२८ च्या सुमारास हातीं घेतला होता. त्यासाठीं त्यांनीं पिलांस स्निग्धांश काढून टाकलेलें अन्न दिलें. कांहीं आठवड्यांनीं निराळेंच संकट दिसूं लागलें. कित्येक पिलांच्या कातडीखालीं व मांसांत रक्त उतरूं लागलें, आणि तें रक्त काढून ठेविलें असतां लवकर साकळेना. दुसरा एखादा मनुष्य रोगट पिलें म्हणून तीं फेंकून देता. डाम यांनीं तसें केलें नाहीं. हा स्कर्व्ही रोग असावा असें प्रथम वाटलें. परंतु लिंबाचा रस देऊनही गुण येईना. त्या वेळीं ठाऊक असलेलीं अ व ड हीं जीवनसत्त्वें देऊन पाहिलीं, तींही व्यर्थ गेलीं. सोप्या तर्कावर समाधान न मानतां ते एकेक अन्न तपाशीत राहिले. शेवटीं हिरव्या पाल्यांत व डुकराच्या यकृतांत गुण आहे असें आढळलें. १९३५ सालीं त्यांनीं हें एक नवें जीवनसत्त्व आहे असें जाहीर करून त्यास के हें नांव दिलें. कारण डेनिश व जर्मन भाषांत रक्त साकळण्याला जो शब्द आहे, त्याच्या आरंभीं तें अक्षर येतें. पुढें १९३९ सालीं झुरिकचे पॉल कारर यांच्या साह्यानें, आपण जनावरांस घालतों त्या लसूणघासांतून तें शुद्ध स्वरूपांत काढण्यांत आलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत एडवर्ड डॉइझी यांनींही तें निराळें काढून त्याची रासायनिक घडण शोधून काढिली.

आतां पिलांच्या रोगाचा मुलांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. १८९४ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरच्या टाउनसेंड नामक वैद्यांनीं अशा पन्नास मुलांची हकीकत लिहिली होती, कीं जीं सुदृढ जन्मलीं, पण जन्मानंतर थोड्याच दिवसांत ज्यांस आपोआप रक्तस्राव सुरू झाला. त्याचें कारण तेव्हां कोणासच कळलें नव्हतें. पिलांवरील शोधानें तें उघड झालें. या जीवनसत्त्वावांचून यकृतास रक्त साकळविणारे पदार्थ नीट तयार करितां येत नाहींत. गर्भांत असतां तें आईकडून मुलास फारच थोडें पोंचतें. जन्मतः मुलाच्या आंतड्यांत तें तयार करणारे सूक्ष्म जंतु नसतात. आणि आईच्या दुधांतही तें अल्पच असतें. १९३९ च्या सुमारास डाम व त्यांच्या सोबत्यांनीं नवजात मुलांचें रक्त तपासून ही उणीव दाखवून दिली, आणि हें जीवनसत्त्व दिल्यास ती भरून निघते हें सिद्ध झालें.

१९४० सालीं ते व्याख्यानें देण्यास अमेरिकेंत गेले असतां त्यांचा देश जर्मन सैन्याच्या ताब्यांत सांपडला होता, म्हणून युद्ध संपेपर्यंत ते तिकडेच राहून संशोधन करीत राहिले. १९४३ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यांस व डॉइझी यांस विभागून मिळालें. १९४६ सालीं ते स्वदेशीं परतले, आणि एप्रिल १९७६ मध्यें, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं, कोपनहेगन येथें निवर्तले.

प्रिय उपदेशक बंधूंनो, आणि बायबलबायांनो, हें चरित्र वाचून बाजूस ठेवावयाचें नाहीं. आमच्या खेड्यांत अजूनही एखाद्या घरीं आठ दिवसांच्या मुलाच्या बेंबींतून, नाकांतून किंवा शौचावाटे रक्त जातें, तेव्हां कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी सुइणीस दोष देतो, आणि पुष्कळदां त्या बिचाऱ्या बाळंतिणीसच बोल लागतो. यांतील कोणताही दोष खरा नव्हे. कित्येक मुलांस तर हा स्राव दुसऱ्या आठवड्यानंतर, कधीं कधीं सहाव्या महिन्यापर्यंतही होतो, आणि तो बहुधा मेंदूंत होतो. वरवर धडधाकट दिसणारें मूल एकाएकीं पांढरें पडतें, दूध सोडतें, त्यास झटके येतात, टाळू फुगते. अशा वेळीं तें वांचलें तरी पुष्कळदां जन्माचें अपंग होतें.

याला उपाय एकच व तो सोपा आहे. मूल जन्मल्यावर त्याच्या मांडींत के जीवनसत्त्वाचें एक इंजेक्शन द्यावें. भारत सरकारनें २०१४ सालीं दवाखान्यांत जन्मणाऱ्या प्रत्येक मुलासाठीं तसा नियम घालून दिला आहे. एक हजार ग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाच्या मुलास एक मिलिग्रॅम, व त्याहून कमी वजनाच्या मुलास अर्धा मिलिग्रॅम, एवढें त्याचें प्रमाण आहे. घरीं प्रसूति झाल्यास मुलास शक्य तितक्या लवकर आरोग्य केंद्रांत न्यावें. आईनें पालक, मेथी अवश्य खावी, पण तेवढ्यानें मुलाची उणीव भरत नाहीं. आईचें दूध मात्र कोणीही बंद करूं नये. मुलास त्यासारखें दुसरें अन्न नाहीं. क्षयाचीं किंवा फेंपऱ्याचीं औषधें घेणाऱ्या गरोदर स्त्रीनें तीं आपल्या मनानें सोडूं नयेत, पण डॉक्टरांस आधींच सांगावें. कारण तिच्या मुलास पहिल्याच दिवशीं धोका असूं शकतो.

वाडीची असो कीं दूरच्या पाड्याची, दवाखान्यांतून घरीं परतणाऱ्या प्रत्येक आईनें हें इंजेक्शन दिलें काय, असें न लाजतां विचारावें. आणि तिच्या भेटीस जाणाऱ्यांनीं प्रार्थनेपूर्वी तिला त्याची आठवण द्यावी. एका मनुष्यानें आजारी पिलांकडे दुर्लक्ष केलें नाहीं, म्हणून हें ज्ञान आपल्यापर्यंत आलें. ज्या प्रभूनें बालकांस जवळ घेतलें, त्याचे म्हणविणाऱ्या आम्हीं आपल्या लेंकरांकडे दुर्लक्ष कसें करावें?